"लग्न झालंय का?" : फॅमिली डॉक्टरांना एक खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकीच एकांच्या दवाखान्यात मी लहानाची मोठी झाले. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एसटी स्टँडच्या मागची गल्ली, बाहेर दोन लाकडी बाकडी आणि आत हिरव्या पडद्याआड तपासायचं टेबल. माझा गोवर, माझी कावीळ, दहावीच्या तोंडावर झालेला टायफॉइड, सगळं त्या टेबलावर निस्तरलं गेलं. आजीचे गुडघे, बाबांची शुगर, आत्याचे दोन गर्भपात हे सगळं डॉक्टरकाकांना तोंडपाठ. आमच्या घराण्याची एवढी माहिती आमच्या भटजींकडेही नसेल.

म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय. मंत्रालयात पाठवलेली पत्रं आवक-जावकच्या रजिस्टरात जाऊन बसतात. तुम्ही निदान वाचाल. रागावलात तरी वाचून रागवाल.

माझं वय २६. पुण्यात नोकरी करते. मी लेस्बियन आहे आणि गेली तीन वर्षं माझ्या जोडीदारणीसोबत राहते. घरमालकांच्या लेखी आम्ही रूममेट, आईच्या लेखी मैत्रिणी. सर्दी-तापाला हे सांगायची गरज नसते आणि मी सांगतही नाही. पण शरीराची काही दुखणी अशी असतात की हे सांगितल्याशिवाय डॉक्टरचा पुढचा प्रश्नच चुकतो.

गेल्या वर्षी मला दोन पाळ्यांच्या मधेच रक्त जायला लागलं. पुण्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. अनुभवी, बोलायलाही गोड. पहिला प्रश्न, "लग्न झालंय का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी केसपेपरवर एक शब्द लिहिला आणि तिथे माझी हिस्टरी संपली. पोटावरून सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, लोहाच्या गोळ्या, आणि निघताना "जास्त टेन्शन घेऊ नका". तीन महिन्यांनी तोच त्रास, तोच दवाखाना. या वेळी मी घसा खाकरून म्हटलं, "मॅडम, लग्न झालेलं नाही, पण संबंध आहेत." पेन थांबलं. "बॉयफ्रेंड?" "नाही, मैत्रीण आहे." बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मग त्याला संबंध म्हणत नाहीत. मग तर आतून तपासायची काहीच गरज नाही." आणि आवाज उतरवून, "घरी माहितीये?"

घरी माहीत आहे की नाही याचा माझ्या रक्तस्रावाशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्याआधीचं वाक्य जास्त धोक्याचं होतं, कारण ते वैद्यकीय सल्ल्याच्या सुरात आलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. समोरचा पुरुष आहे की बाई, याची तो चौकशी करत नाही. म्हणजे तिशीनंतरची तपासणी जेवढी माझ्या लग्न झालेल्या चुलत बहिणीला हवी, तेवढीच मलाही हवी. मला हे ठाऊक होतं, कारण मला इंटरनेटवर उकरत बसायची खोड आहे. जिला नाही, ती "तुला काही तपासायची गरज नाही" हे ऐकून घरी जाईल आणि पुढची पंधरा वर्षं त्यावर विश्वास ठेवेल.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला टेबलावर घेतलं, विचारून, समजावून आतून तपासलं. गर्भाशयाच्या मुखावर छोटासा पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, होता. निरुपद्रवी. दोन मिनिटांत दिसला. ती दोन मिनिटं मिळायला मला सहा महिने लागले.

"लग्न झालंय का?" हा प्रश्न तुम्ही का विचारता, ते मला कळतं. मुलीशेजारी आई बसलेली असते. बाहेर बाकावर शेजारच्या काकू असतात आणि तुमच्या दवाखान्याच्या पडद्यातून सगळं ऐकू जातं. अशा वेळी "शरीरसंबंध येतो का?" असं विचारलं तर पुढच्या महिन्यापासून ते घर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईल. म्हणून मग सभ्य भाषेत लग्नाचं विचारायचं. हो म्हणाली तर संबंध आहेत, नाही म्हणाली तर नाहीत. तुमच्या आधीच्या पिढीने घालून दिलेली सोय आहे ती, आणि त्या पिढीत कदाचित भागूनही जात असेल.

आता भागत नाही. माझं सोडा. आमच्या साताऱ्याकडे घरटी एक माणूस फौजेत असतो. नवरा वर्षातून दोन वेळा सुट्टीवर येणारी बाईही तुमच्या कागदावर "विवाहित" आणि रोज नवऱ्यासोबत राहणारीही "विवाहित". विधवा बाईचं काय लिहायचं ते तर तुम्ही विचारतच नाही. आणि आमच्यातल्या कितीतरी गे मुलांची लग्नं घरच्यांनी मुलींशी लावून दिलेली आहेत. तो तुमच्यासमोर खुर्चीत बसतो, गळ्यात साखळी, बोटात साखरपुड्याची अंगठी, सांगतो की शौचाच्या जागी दुखतंय. तुम्ही विवाहित पाहता, मूळव्याध समजता, मलम लिहून देता. तो मलम लावत राहतो. गरमी (सिफिलिस) किंवा परमा (गनोरिया) गुदद्वारापाशीही होतो, त्यासाठी साध्या तपासण्या आहेत आणि दोन्ही औषधांनी बरे होतात, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं. पण ते आठवावं असा प्रश्नच त्या खोलीत निघालेला नसतो. आणि त्याच्या घरी त्याची बायको असते. तिचा कोणी विचार केला?

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितलं की आत्ताच्या कायद्यात आमच्या लग्नाला जागा नाही. त्या निकालावर माझं काय म्हणणं आहे ते इथे लिहीत बसत नाही. पण त्यामुळे तुमच्या प्रश्नाला आमच्याकडे आयुष्यभर एकच उत्तर उरतं. साठीला आले आणि जोडीदारणीसोबत संसाराची पस्तीस वर्षं झाली, तरी तुमच्या रकान्यात मी "अविवाहित"च.

या प्रश्नाचा एक जुळा भाऊ आहे. तो म्हणजे "लग्न करून टाका, सगळं सुरळीत होईल" हे प्रिस्क्रिप्शन.

माझ्याबरोबर कॉलेजात असलेल्या एका मुलाला हे मिळालं. तो गे आहे हे घरात कळल्यावर आईवडील त्याला आधी घरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की या वयात असं होतं, हार्मोनचा प्रकार आहे, एक चांगले समुपदेशक आहेत. त्या समुपदेशकांकडे आठवड्यातून एकदा अशा अकरा बैठका झाल्या. त्याला मुलींचे फोटो बघायला सांगत. मनगटाला रबरबँड लावून, मनात मुलाचा विचार आला की ते ओढून सोडायला सांगत. बाराव्या आठवड्यात त्याने झोपेच्या गोळ्या घेतल्या. वाचला. आता बंगळूरला असतो, घरी येत नाही.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. नियम काय आहेत ते तुमच्यापैकी पुष्कळांपर्यंत पोहोचलेलंच नाही, असं मला खरंच वाटतं. समलैंगिकता हा आजार नाही, हे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली मान्य केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी ती आजारांच्या यादीतून काढली. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ साली तेच म्हटलं, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७चा निकाल आला, की सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढे दोन तरुणींचं प्रकरण होतं. त्यातून पुढे २५ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्या राज्यांच्या कौन्सिलांना कळवलं की माणसाची लैंगिकता "बदलण्याच्या" उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन मानावं. म्हणजे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होऊ शकते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या, आणि गावाकडे निम्म्या दवाखान्यांवर त्याच पाट्या असतात. समुपदेशक म्हणून पाटी लावायला तर कुठलंच कौन्सिल आड येत नाही. त्यामुळे रेफर करताना तुम्ही चिठ्ठीवर कोणाचं नाव लिहिता, याला फार महत्त्व आहे. आईवडील तुमचं ऐकतात. "हा आजार नाही, याला औषध लागत नाही, पोराला जेवायला घाला आणि झोपू द्या" एवढं तुम्ही म्हणाला असतात, तर अकरा बैठकांचे पैसेही वाचले असते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला हे शिकवलंच नाही. खरं आहे. जे शिकवलं तेही धड नव्हतं. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात न्यायवैद्यकाच्या विषयात लेस्बियन असणं हे "अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां"च्या यादीत परत आलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ३७७च्या निकालाला सहा वर्षं होत आली असताना! ओरड झाली आणि ५ सप्टेंबरला, ऐन शिक्षक दिनी, आयोगाने तो मागे घेतला. माझी मामेबहीण तेव्हा एमबीबीएसला होती. तिने मला त्या पानाचा फोटो पाठवून लिहिलं, "ताई, तू आमच्या पोर्शनमध्ये आहेस." मी हसले. नंतर बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसले.

आणि तरी मराठीत हे बोलायची परंपराच नव्हती, असं मला कोणी सांगू नये. रघुनाथ धोंडो कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. १९२७ ते १९५३ ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत राहिले. वाचक त्यांना जे प्रश्न कोणाला विचारता येत नव्हते ते लिहून पाठवत, आणि कर्वे मासिकातून उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला, मासिक चालूच राहिलं. नव्वद वर्षांपूर्वी एक गणिताचा मास्तर छापून उत्तर देत होता. तुमच्याकडे तर बंद दार आहे, पदवी आहे आणि आता कायदाही तुमच्या बाजूने आहे.

आता एका शुक्रवारची गोष्ट. ही जरा तपशिलात सांगते, कारण इथे तास मोजावे लागतात.

माझा एक मित्र मराठवाड्यात जिल्ह्याच्या गावी बँकेत आहे. शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास त्याचा कंडोम फाटला. सोबतच्या माणसाची एचआयव्हीची स्थिती माहीत नव्हती. अशा वेळी संसर्ग टाळण्यासाठी २८ दिवसांच्या गोळ्या असतात, त्याला पेप म्हणतात. त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. त्याला एवढंच माहीत होतं की "काहीतरी औषध असतं". शनिवारी सकाळी तो एका डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असली कामं करायचीच कशाला?" मग एचआयव्हीची टेस्ट लिहून दिली, निगेटिव्ह आली तर चिंता नको म्हणाले. आदल्या रात्री काय झालं ते दुसऱ्या दिवशीच्या टेस्टमध्ये दिसत नाही, त्याला काही आठवडे जावे लागतात. ती टेस्ट त्या दिवशी त्याच्या कामाची नव्हती, त्याला गोळ्या हव्या होत्या. वर लॅबवाल्याने रिपोर्ट तयार आहे म्हणून घरच्या नंबरवर फोन लावला. तो थोरल्या भावाने उचलला. कसली टेस्ट, हे त्याने विचारलं आणि लॅबवाल्याने सांगितलं. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माणसाच्या संमतीशिवाय ही माहिती कोणाला देता येत नाही. लॅबवाल्याला हे ठाऊक नसावं. भावाला मात्र आता सगळं ठाऊक आहे.

रविवार. सगळं बंद. संध्याकाळी कोणीतरी आमच्या ग्रुपवर लिहिलं आणि पुण्यातल्या एका डॉक्टरांचा नंबर मिळाला. त्यांनी फोनवर चार प्रश्न विचारले. किती वाजता झालं, काय झालं, किडनीचा काही त्रास, इतर कुठली औषधं चालू. प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सअॅपवर आलं. जिल्ह्यात एका मेडिकलमध्ये गोळ्या होत्या, ते सोमवारी सकाळी उघडलं. पहिली गोळी ५७व्या तासाला पोटात गेली. तीन महिन्यांनी टेस्ट निगेटिव्ह आली.

या सगळ्यातली मला सर्वात बोचलेली गोष्ट नंतर कळली. सुई टोचलेल्या सिस्टरांना आणि डॉक्टरांना द्यायला हीच औषधं सरकारी दवाखान्यात ठेवलेली असतात. त्याच्या घरापासून सरकारी रुग्णालय दीड किलोमीटरवर आहे. शनिवारी सकाळी त्या डॉक्टरांनी "सिव्हिलला जा, लगेच जा" एवढे चार शब्द सांगितले असते तरी पुरे होतं. पेप माहीत नसेल तर नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, १०९७ या फुकट हेल्पलाइनवर विचारता येतं. तो पेशंट जाईपर्यंत उपदेशाला वेळ होता, फोनला नव्हता.

आमचा ग्रुप म्हटलं, त्याबद्दल सांगते. आम्ही मुलामुलींनी एक यादी केली आहे. कुठल्या शहरात कुठला डॉक्टर लेक्चर देत नाही, कोण नाव विचारतो आणि त्याच नावाने हाक मारतो, कुठल्या दवाखान्यातल्या मावशी बघून हसत नाहीत. मुंबई-पुण्याची यादी बऱ्यापैकी लांब आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४पासून आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२पासून आमच्यासारख्यांसाठी काम करतात, त्यांच्या ओळखीने पुष्कळ नावं मिळाली. कोल्हापूर, नाशिक, नागपूर यांना दोन-चार नावं. गोंदिया, हिंगोली, नंदुरबार यांच्यापुढे काही नाही. तिथली पोरं एसटीने येतात. महिलांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून मुलींचं तेवढं बरं चाललंय, हा त्या योजनेचा एक फायदा सरकारलाही ठाऊक नसेल.

त्या यादीत सगळ्यात जास्त प्रश्न ट्रान्स मुलामुलींचे असतात, म्हणजे जन्मावेळी मुलगा किंवा मुलगी अशी जी नोंद झाली ती स्वतःला लागू नाही असं ज्यांना जाणवतं, त्यांचे. आमच्यातला एक ट्रान्स पुरुष इचलकरंजीकडचा. दर काही आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतो, दाढी आहे, आवाज माझ्या भावापेक्षा जाड. पण आधार कार्डावर अजून जुनं नाव. सरकारी रुग्णालयात खिडकीवर केसपेपर काढला, नाव पुकारलं गेलं "कुमारी अमुक अमुक", आणि हा उठला. साठ-सत्तर माणसं बघतायत. नंतर दोन वर्षं तो कुठल्याच दवाखान्यात गेला नाही. इंजेक्शन कोण देतं, तर गल्लीतला एक कंपाउंडर. रक्तातल्या पेशी किती वाढल्या, लिव्हर कसं आहे, काही तपासणी नाही. एकदा नुसता खोकला होता म्हणून खाजगी डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, आधी ते हार्मोन बंद करा, मग बघू. खोकला होता हो! तिकडे ट्रान्स मुली मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाला येईल तितक्या घेतात, कारण त्यात बाईचं हार्मोन असतं असं कोणीतरी सांगितलेलं असतं. रक्तात गुठळी होऊ शकते हे कोणी सांगितलेलं नसतं. सांगणार कोण? तुमच्यापर्यंत त्या येतच नाहीत.

२०१९च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यातलं कलम १५ म्हणतं की शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि समुपदेशन यांची सोय सरकारने करायची. २०२२ साली आयुष्मान भारतमध्ये ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण जाहीर झालं. कार्ड आहे, कलम आहे. पण इंजेक्शन गल्लीतलाच माणूस देतो.

आणि गणपतीतलं रक्तदान शिबिर. आमच्या गावच्या मंडळात दरवर्षी असतं, तुम्हीच उद्घाटनाला असता. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स व्यक्ती यांना रक्त देताच येणार नाही असं लिहिलंय, मग त्यांचं वागणं कितीही सुरक्षित असो. मंडळाचा एक उत्साही कार्यकर्ता दरवर्षी शिबिराच्या दिवशी "ताप आहे" म्हणतो. कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

माझ्या जोडीदारणीचं अपेंडिक्स दोन वर्षांपूर्वी काढलं. रात्री दोन वाजता पोट धरून गेलो. ती शुद्धीत होती, फॉर्मवर तिने सही केली. तरी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "नातेवाइकाची सही लागेल. तुमचं नातं काय?" मी म्हटलं, "मावसबहीण." त्याने लिहून घेतलं. तेव्हापासून त्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटरमध्ये मी तिची मावसबहीण आहे आणि फॉलोअपला गेलो की ती मला "ए मावसबहीण" म्हणून चिडवते. हसण्यावारी नेलं, पण खोटं बोलले नसते तर काय केलं असतं? २००८च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सज्ञान, शुद्धीत असलेल्या पेशंटची स्वतःची संमती लागते. त्या खटल्यातली बाई ४४ वर्षांची, अविवाहित होती. तिला भूल दिलेली असताना डॉक्टरने तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढून टाकलं होतं. कोर्टाने आईची संमती मानली नाही. अविवाहित बाई म्हणजे कायमची अज्ञान, आणि तिच्या शरीराच्या चाव्या आईबापाकडे, ही समजूत किती खोल आहे बघा. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं, त्यात जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा असं म्हटलंय. म्हणजे मेल्यावरची थोडी सोय झाली आहे.

तुमच्याकडून मला काय हवंय? दवाखान्याच्या दारावर सप्तरंगी झेंडा नको. लावलात तर गावात तुमचीच पंचाईत होईल. आमच्याबद्दलचं सगळं तुम्ही वाचून पाठ करावं असंही नाही, ते आम्हालाही पाठ नाही.

ज्या डॉक्टरांनी माझा पॉलिप काढला, त्यांनी काय केलं ते सांगते. पन्नाशीच्या बाई, कपाळाला मोठं कुंकू, टेबलावर स्वामी समर्थांचा फोटो. बघून मी मनात म्हटलं, संपलं, इथेही प्रवचन. माझी मैत्रीण सोबत होती, तिला त्यांनी सांगितलं, "पाच मिनिटं बाहेर बस गं, सगळ्यांनाच बसवते मी." दार लावलं. मग पाळीची तारीख विचारली त्याच सुरात विचारलं, "कोणाशी शरीरसंबंध येतो का? पुरुषाशी, बाईशी, दोघांशी?" जसं कोणी विचारावं, चहा, कॉफी की दूध. मी म्हटलं, बाईशी. त्यांनी लिहिलं. पुढचा प्रश्न, "दुखतं का?" बस्स. मला रडू आलं तर म्हणाल्या, "अजून टोचलंही नाही, आणि रडतेस काय?"

त्या बाईंची मतं काय असतील मला ठाऊक नाही. कदाचित त्यांच्या मुलीने उद्या मुलगी घरी आणली तर त्या आकांडतांडव करतील. मला त्याचं काही पडलेलं नाही. त्यांनी मला जो प्रश्न विचारायचा तो विचारला, उत्तर दाराच्या आत ठेवलं आणि टेबलावर घेतलं.

आता डॉक्टरकाका, तुमच्यासाठी. हे पत्र तुम्ही वाचत असाल तर "ही कोणाची?" म्हणून तुम्ही मनात हिशेब सुरू केला असेल. गोवर, कावीळ, टायफॉइड, आत्या. फार वेळ लागणार नाही तुम्हाला. बाबांना सांगू नका. ते मी सांगेन, माझ्या वेळेने. तुमच्या व्यवसायाच्या नियमांत २००२पासून लिहिलेलंच आहे की पेशंटचं गुपित डॉक्टरने फोडायचं नाही, पण मी नियमाचा धाक घालत नाही, तुम्हाला ओळखते म्हणून सांगतेय.

दिवाळीला घरी येणार आहे. आई मला तुमच्याकडे घेऊन येईलच, तिला वाटतं माझं वजन उतरलंय. नेहमीसारखी ती माझ्याआधी खुर्चीत बसेल आणि माझ्याऐवजी सगळं तीच सांगेल. तिला म्हणा, "वहिनी, पाच मिनिटं बाहेर बसा, सगळ्यांनाच बसवतो." ती जरा कुरकुरेल. पण तुमचं ऐकते ती.

तुमची पेशंट,
वय २६, रक्तगट बी पॉझिटिव्ह, पेनिसिलिनची अॅलर्जी (तुम्हीच शोधलेली)